संशय हळदीवर, शिसं गॅरेजात

गाव, वयं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मित्राने आणि त्याच्या बायकोने हे वाचून संमती दिली. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

पार्श्वभूमी

माझा मित्र पुण्याचा. चाकणच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगवर सहा-सात वर्षं काढून तो अमेरिकेत आला आणि मिडवेस्टमधल्या एका उपनगरात स्थिरावला. मी त्याच भागात राहतो, वयाने त्याच्याहून बराच मोठा. त्यामुळे तो मला दादा म्हणतो. गेली बारा वर्षं मी माझ्या रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या गोळ्या घरीच ओततो. हे काम त्याला मीच शिकवलं. म्हणजे या प्रकरणात मी नुसता बघ्या नाही.

आपल्याकडे 'गोळी' म्हटलं की अख्खं काडतूस डोळ्यांपुढे येतं. ओतायचं असतं ते फक्त पुढचं शिशाचं टोक. मागची पितळी नळी, तिच्या बुडाशी बसवलेला, ठिणगी देणारा प्राइमर आणि आतली पावडर म्हणजे दारू हे सगळं वेगळं. वापरून झालेल्या नळ्या गोळा करून, साफ करून त्या पुन्हा भरतात, त्याला रीलोडिंग म्हणतात. बहुतेक लोक आधी रीलोडिंगला लागतात आणि मग ओतकामाकडे वळतात. २०२० मध्ये इथे दुकानांत काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा असे पुष्कळ जण वळले, त्यातलाच हा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण मराठी मंडळी हमखास विचारतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायच्या असतील तर लागतो. पण एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्याला शिकारीच्या परवान्यासारखे ठरावीक अपवाद सोडले तर बंदूक किंवा दारूगोळा बाळगताच येत नाही. मित्र ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबला होता. राज्यांचे नियम आणखी वेगळे. आणि भारतात कुणी हे करून बघायचं मनातही आणू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात.

सुरुवात

२०२१ च्या सप्टेंबरातला पहिला शनिवार माझ्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेला. टायरच्या दुकानातून मी व्हील वेट्सची बादली आणली होती. चाकाचा तोल साधायला रिमच्या कडेला ठोकतात ती वजनं. हल्ली त्यात शिसं कमी आणि लोखंड-जस्त जास्त निघतं. काही राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदीच घातली आहे. लोखंडाच्या वजनावर 'एफई' आणि जस्ताच्या वजनावर 'झेडएन' कोरलेलं असतं. अक्षरं झिजली असतील तर साइड कटरने चावून बघायचं. शिसं दबतं, जस्तावर कटर घसरतो.

ही निवड कंटाळवाणी, पण तिथे घाई केली की पुढे रडायची पाळी येते. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. भांडं ३७० च्या आत ठेवलं तर चुकून आलेला जस्ताचा तुकडा वर तरंगतो आणि पळीने काढता येतो. भांडं बेफाम तापू दिलं तर तो विरघळतो, मग सगळा रस लापशीसारखा होतो आणि साच्यात धड भरत नाही. मित्राने लगेच वहीत तीन रकाने आखले आणि प्रत्येक धातूची वजनं वेगळी तोलून लिहिली. हिशेबी माणूस.

व्हील वेट्समध्ये थोडं अँटिमनी असतं, त्याने कडकपणा येतो. वरून शेकडा एक-दोन कथील घातलं की रस साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. कथील म्हटल्यावर त्याला कल्हईवाला आठवला. नवसागराचा धूर, कापसाचा बोळा, आणि काळं पातेलं बघता बघता चांदीसारखं. मग मूठभर भुसा टाकून रस ढवळला, वर आलेली करडी मळी पळीने काढली आणि डब्यात टाकली. त्या डब्याला झाकण नव्हतं. हे मी आत्ता लिहितोय. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पाण्याबद्दल मात्र मी त्याला तीनदा बजावलं. वितळलेल्या शिशावर पडलेला थेंब चुर्र करून उडून जातो. पण दमट लगड रसात बुडाली तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे १७०० पट फुगते आणि अख्खं भांडं छताला जाऊन लागतं. म्हणून नवी लगड आधी भांड्याच्या काठावर ठेवून तापवायची, मगच आत सोडायची.

पहिल्या वीसेक गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, कारण साचा थंड होता. मग लय सापडली. ओतायचं, चार-पाच सेकंद थांबायचं, वरच्या पट्टीवर लाकडी दांडा मारून ओतणीचं टोक कापायचं, साचा उघडून गोळ्या जाड फडक्यावर पाडायच्या. साचा फार तापला की गोळ्यांवर दुधाळ झाक येते, मग दोन मिनिटं दम खायचा. १५८ ग्रेनच्या (साधारण दहा ग्रॅमच्या) गोळ्या एका पौंडात चव्वेचाळीस होतात. संध्याकाळपर्यंत आमच्या चारशे झाल्या. "चाकणला मशीन दिवसभर माल काढायचं, पण त्यातला एकही तुकडा माझा वाटला नाही," तो म्हणाला. तिथेच मला कळलं, हा आता यातून सुटत नाही.

दोन महिन्यांत त्याने स्वतःच्या गॅरेजात सगळं उभं केलं. वीस पौंडांचं विजेवरचं भांडं, थर्मामीटर, खिडकीला बाहेर फेकणारा पंखा, कातडी हातमोजे, तोंडावर पारदर्शक ढाल, शिवाय धूळकण अडवणारा चांगल्या प्रतीचा मास्क. माझ्यापेक्षा सरस मांडणी. गॅरेज घराला जोडून होतं. त्याचं दार कपडे धुण्याच्या खोलीत उघडायचं आणि तिथून दोन पावलांवर स्वयंपाकघर.

अडचण

त्याचा धाकटा मुलगा २०२२ च्या उन्हाळ्यात दोन वर्षांचा झाला. इथे पुष्कळ बालरोगतज्ज्ञ पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी रक्तातलं शिसं तपासतात. पहिल्या वर्षीचा आकडा २ च्या आत होता. या वेळी बोटातून घेतलेल्या रक्तात १३ आला. बोटाच्या कातडीला शिसं लागलेलं असलं तर आकडा फुगतो, म्हणून शिरेतून रक्त घेतलं. ११ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. २०२१ पासून अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने मुलांसाठी लक्ष घालायची रेषा ३.५ वर आणली आहे. अकराने पोर आजारी दिसत नाही. ते खेळतं, जेवतं, हसतं. त्यामुळेच आईबापांची अवस्था वाईट होते, कारण बघून काहीच कळत नाही.

आरोग्य खात्याच्या नर्सचा फोन आला. मित्र ऑफिसात होता, बायकोने घेतला. घर कधीचं? २००४ चं. म्हणजे जुन्या रंगाचा प्रश्न मिटला, कारण घरासाठीच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्येच बंदी आली. घरात कुणी शिशाशी संबंधित काम करतं का? "नाही, ते ऑटोमोबाइलमध्ये इंजिनिअर आहेत." मग नर्स म्हणाली, तुम्ही भारतातले, तर मसाले, काजळ, कुंकू कुठून येतं?

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मिसळल्याची प्रकरणं बांगलादेशात सापडली आहेत. काजळ-सुरम्यात आणि शेंदरात शिसं असतं म्हणून एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानेही इशारे दिलेत. आणि घरात तेव्हा मित्राची आई आलेली होती, सांगलीहून. काकूंनी दोन किलो हळद आणली होती, ओळखीच्या अडत्याकडून हळकुंडं घेऊन समोर दळून घेतलेली. नातवाला दृष्ट लागू नये म्हणून त्या रोज काजळाची तीटही लावायच्या.

त्या संध्याकाळी हळद, काजळ, कुंकू, गोडा मसाला सगळं पिशव्यांत भरून दाराबाहेर गेलं. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. मी गेलो तेव्हा मला म्हणाल्या, "सांगलीची हळद आहे रे ती. देवाला वाहतो आम्ही. तिनं माझ्या नातवाला विष झालं म्हणतायत."

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

मित्राने मला फोन करून थेट विचारलं, "दादा, ओतकामामुळे असेल का?"

मी म्हणालो, नसणार. माझं कारण असं होतं: शिसं उकळतं १७४९ अंशांना. आपण ३७० वर काम करतो. त्या तापमानाला त्याची वाफ नगण्य. वर पंखा, मास्क. मग शिसं पोरापर्यंत पोचेल कसं?

वाफेबद्दलचं म्हणणं बरोबर होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. डाय-कास्टिंगमधल्या माणसाला आणि वर्षानुवर्षं ओतणाऱ्याला धोका म्हटल्यावर भांडंच दिसतं, गरम आणि चमकणारं. थंड, करड्या चुऱ्याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. त्याला जे ऐकायचं होतं ते मी ऐकवलं. त्याने नर्सला पुन्हा फोन केला नाही.

हळदीचे आणि काजळाचे नमुने प्रयोगशाळेत गेले. निकाल यायला चार आठवडे लागले. दोन्हींत काळजी करण्यासारखं काही नव्हतं. तोवर पोराचा पुढचा आकडा आला होता: १२.

दुसरा निर्णय

मग मी त्याला आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुझं स्वतःचं किती आहे?" त्याने कधी तपासलंच नव्हतं. मी दर वर्षी तपासतो, त्याला शिकवताना मात्र ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघांनी रक्त दिलं. त्याचं २३, तिचं ४.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की वाट दिसते. हळद सगळ्यांनीच खाल्ली होती. बायकोचं ४ आणि नवऱ्याचं २३ असा फरक हळदीने पडत नाही. त्याने त्याच दुपारी नर्सला फोन करून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "आता शोधायला जागा सापडली," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ठिकठिकाणची धूळ ओल्या पुसण्यांवर घेऊन तपासायला दिली. भांड्याजवळच्या टेबलावर शिसं निघणारच होतं. पण सगळ्यात जास्त निघालं ते टम्बलरच्या झाकणावर. वापरलेल्या पितळी नळ्या अक्रोडाच्या कवचांच्या भरड्यात घोळवून साफ करायचं हे यंत्र. प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, ते जळल्यावर शिशाची बारीक राख नळीत राहते, आणि घोळवल्यावर भरड्यात उतरते. नळ्या झाल्या की मित्र तो भरडा दळणाची चाळण धरल्यासारखा चाळायचा. ढगभर धूळ उडायची. तेव्हा मास्क खुंटीला, कारण "मास्क ओततानाचा". आणि धाकटा दारात उभा राहून टाळ्या वाजवायचा, खुळखुळ आवाज आवडायचा त्याला.

त्याखालोखाल कपडे धुण्याच्या खोलीतलं पायपुसणं. मळीचा उघडा डबा चपलांच्या मांडणीशेजारीच होता. तिसरं, मित्राच्या गाडीतली मुलाची खुर्ची. शुक्रवारी संध्याकाळी बंदिस्त रेंजवर नेम मारून तो तसाच, त्याच स्वेटशर्टात पोराला पाळणाघरातून उचलायचा.

आणि गॅरेजची जमीन. ती दर रविवारी तो झाडूने लख्ख झाडायचा. आईची शिस्त. शिशाची धूळ कोरड्या झाडूने झाडली की ती हवेत जाते आणि दोन तासांनी पुन्हा खाली बसते, अर्धी दाराच्या फटीतून घरात. घाणेरडं गॅरेज असतं तर कदाचित पोराचा आकडा कमी आला असता.

पर्याय

चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. पहिला पर्याय, सगळं विकून मोकळं व्हायचं. दुसरा, ओतणं बंद करून तयार गोळ्या घ्यायच्या, रीलोडिंग चालू ठेवायचं. मित्राचा कल इथे होता. पण टम्बलर आणि प्राइमर हे तर रीलोडिंगचेच भाग, म्हणजे निम्म्याहून जास्त धूळ घरातच राहणार. तिसरा, सगळं तिथेच ठेवून शिस्त वाढवायची: वेगळे बूट, वेगळे कपडे, ओलं पुसणं.

तिसऱ्यावर त्याची बायको बोलली. "दादा, तुम्ही दोघांनी एवढी शिस्त पाळली म्हणूनच आम्ही गाफील राहिलो. आता आणखी शिस्त नको. दार नको आहे मला." दार म्हणजे गॅरेज आणि घरामधलं. मला ते तेव्हा टोकाचं वाटलं. मागून विचार केला तर सगळ्यांत नेमका मुद्दा तोच होता. रोजची शिस्त माणूस थकला की सुटते, आणि दोन वर्षांचं पोर जमिनीवरचे हात तोंडात घालायचं थांबत नाही. गिळलेल्या शिशातलं मोठ्यांच्या अंगात साधारण दहा-पंधरा टक्के शिरतं, लहान मुलांच्या चाळीस-पन्नास. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही जास्त.

काय केलं

सहा महिने पूर्ण बंद. भांडं, साचे, टम्बलर, पितळ सगळं झाकणबंद डब्यांत माझ्या शेडमध्ये आलं. बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम आणि ओली फडकी घेऊन घर साफ झालं. प्रत्येक फडकं एकदाच वापरून पिशवीत. पायपुसणं, गाडीतली खुर्ची, रेंजचे बूट टाकून दिले. गोळ्यांवर लावलेली रंगाची भुकटी (पावडर कोटिंग) भाजायला वापरलेला छोटा टोस्टर ओव्हन त्याने 'वर्षभर पडून आहे' म्हणून एकदा पिकनिकला नेला होता, हे याच सफाईत कळलं. त्यावर घरात काय बोलणं झालं, ती ही काढायला लावलेली दोन वाक्यं.

औषधाचा प्रश्न फारसा आला नाही. रक्तातलं शिसं बाहेर काढायची औषधं मुलांत साधारण ४५ च्या पुढे विचारात घेतात. इथे उपाय एकच होता, शिशाचा पुरवठा तोडायचा. पोराचं लोह कमी निघालं, त्याचे थेंब सुरू झाले. काकूंनी नाचणीचं सत्त्व करायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी ते काय असतं ते विचारून घेतलं आणि चालू ठेवा म्हणाल्या.

परिणाम

पोराचा आकडा दोन महिन्यांत १२ वरून ८, सहा महिन्यांनी ५, सव्वा वर्षाने ३. मित्राचा २३ वरून तीन महिन्यांत १४, दहा महिन्यांनी ७. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं असं वाचून तो आधी अधीर झाला होता. पण काही भाग हाडांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात येत राहतो, म्हणून उतार पुढे मंदावतो. मुलाची वाढ आणि बोलणं वयाप्रमाणे आहे. त्या वर्षाने त्याच्यावर काही परिणाम केला का, याचं उत्तर कुणाकडेच नाही, आणि ही गोष्ट मित्राच्या मनातून जात नाही.

तो आता महिन्यातून एकदा माझ्या शेडमध्ये येऊन ओततो. पितळ ओल्या पद्धतीने, पाणी आणि पोलादी काड्या घालून घोळवतो, त्यामुळे धूळ उडत नाही. ते पाणी शेडबाहेर ओतत नाही, साठवून घातक कचऱ्याच्या केंद्रावर देतो. नेम उघड्या मैदानावर. जाताना शिसं निघावं म्हणून मिळणाऱ्या खास साबणाने हात-तोंड धुतो, कारण साध्या साबणाने ते नीट निघत नाही, आणि कपडे माझ्याकडेच बदलतो.

आज पुन्हा शिकवायचं तर

भांडं तापवण्याआधी रक्त तपासून घ्यायला लावीन, म्हणजे पुढचा आकडा कशाशी ताडायचा ते कळेल. पहिला धडा पाण्याचा नव्हे, मळीच्या डब्याचा देईन. पाण्याची चूक एका क्षणात कळते आणि माणूस जन्मात विसरत नाही. मळीची चूक कळायला आम्हाला दहा महिने आणि एका पोराचं रक्त लागलं. लहान मूल असलेल्या घराला जोडलेल्या गॅरेजात तर मी कुणाला सुरूच करू देणार नाही, कितीही चांगला पंखा असो.

नर्सच्या त्या पहिल्या फोनचं मात्र मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. मित्राची बायको खोटं बोलली नव्हती. नवऱ्याचं 'काम' म्हणजे नोकरी, गॅरेजातलं ते 'त्याचं काहीतरी'. नर्सने छंदांची नावं घेऊन विचारलं असतं तर सगळं त्याच दिवशी निघालं असतं. मित्राने स्वतः फोन करून सांगितलं असतं तरीही. आणि मी 'नसणार' ऐवजी 'तपासून बघ' म्हणालो असतो, तरीही.

काकू गेल्या दिवाळीत पुन्हा आल्या. बॅगेत हळद होतीच. सुनेने ती बरणीत भरली, आणि मित्राने प्रयोगशाळेचा तो जुना रिपोर्ट बरणीला चिकटवून दिला. काकूंना इंग्रजी येत नाही, पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो दाखवतात. रिपोर्ट आधीच्या हळदीचा आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.